पाठवले म्हणजे पोचले नव्हे
(नोटिशीच्या पाकिटाची गोवंडी ते गावापर्यंतची हकिगत)



गेल्या वर्षीची वार्षिक साधारण सभा आपल्याला आठवत असेल. विषयपत्रिका निम्म्याच्या वर सरकली होती. मांडवात उकाडा होता, चहाची वेळ झाली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, "अध्यक्षसाहेब, ठराव मंजूर म्हणता, बरं हाय. पर सभेची नोटीस कुणाकुणाला धाडलीसा? मला तर काल एस. टी. स्टँडवर कळलं, सभा हाय म्हणून."

व्यासपीठावरून उत्तर गेले, "सर्व सभासदांना नोटिसा रीतसर पाठवल्या आहेत. दप्तरी नोंद आहे." लोक हसले. मग बायकांच्या बाजूने एक आवाज आला, "आमच्याकडं बी न्हाई आली." हसणे थांबले, पण सभा पुढे सरकली आणि ठराव मंजूर झाले.

आम्ही तिथेच टिपणे घेत बसलो होतो. घरी आल्यावरही तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण उत्तर खोटे नव्हते. नोटिसा पाठवल्याच होत्या, दप्तरात बिल होते, बिलाचे पैसे दिल्याचे व्हाउचर होते. आणि प्रश्नही खोटा नव्हता. म्हातारा माणूस दहा मैलांवरून केवळ चेष्टा करायला येत नाही. मग पाकिटे गेली कुठे?

ही साधी तक्रार नव्हे. ऊसबिलातून कपात किती, ठेवी किती वर्षांच्या, उपपदार्थांच्या प्रकल्पाला कर्ज काढायचे की नाही, पोटनियम बदलायचे की नाही, हे सगळे त्या एका दिवशी ठरते. ज्याला सभाच कळली नाही त्याचा शेअर कागदावर राहतो आणि हात वर करण्याचा हक्क घरी राहतो. सहकारात मत एकच असते, शेअर कितीही असोत. ते एक मत पाच-पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर अवलंबून असेल, तर त्या पाकिटाचा माग काढणे आमचे काम होते. तो आम्ही काढला. जे दिसले ते आडपडदा न ठेवता सांगतो.

शिक्क्याची गोष्ट

आधी थोडे जुने. आपल्यातल्या जाणत्या मंडळींना 'यू. पी. सी.' हा शब्द माहीत आहे. अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग. बँका, कंपन्या, सोसायट्या, कारखाने, सगळ्यांचे हे आवडते साधन होते. रजिस्टर पोस्ट महाग, हजारो सभासदांना परवडत नाही. म्हणून साधी पाकिटे टपालात टाकायची, सोबत पत्त्यांची यादी करायची, यादीवर ठरलेल्या शुल्काची तिकिटे चिकटवायची आणि खिडकीवरच्या कारकुनाकडून त्या यादीवर तारखेचा गोल शिक्का मारून घ्यायचा. झाले सर्टिफिकेट. यादी आपल्या फायलीत, पाकिटे पोस्टाच्या पोत्यात.

यात मेख कुठे आहे ते पाहा. पोस्ट स्वतःकडे या यादीची नोंद ठेवीत नसे. पाकिटात काय आहे, नोटीस की कोरा कागद, हे कारकून पाहत नसे. पाकीट पोचले का, कोणी घेतले, याचा काहीच पुरावा नसे. शिक्का एवढेच सांगे की अमुक तारखेला अमुक लोकांच्या नावे काहीतरी टपालात पडले. आणि ओळखपाळख असली की मागच्या तारखेचा शिक्काही मिळतो, अशी कुजबूज गावोगाव होती.

ही कुजबूज नुसती चावडीवरची नव्हती. १९९४ साली 'शिवकुमार विरुद्ध हरियाणा राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा सर्टिफिकेटांवर भरवसा ठेवायला नकार दिला. असे शिक्के केव्हाही मिळवणे अवघड नाही, अशा अर्थाचे शब्द न्यायालयाने वापरले. पुढे २००३ साली केरळातल्या 'केरळ कौमुदी' या वृत्तपत्र कंपनीच्या घरगुती वादात हाच मुद्दा आला. एक बाजू म्हणे नोटिसा यू. पी. सी. ने पाठवल्या, हा बघा शिक्का. दुसरी म्हणे आम्हाला मिळाल्याच नाहीत. न्यायालयाने सांगितले, सर्टिफिकेट असले तर पत्र पोचले असे गृहीत धरता येईल, पण धरलेच पाहिजे असे नाही. बाकीची परिस्थिती संशयाची असेल तर नुसत्या शिक्क्यावर निकाल लागणार नाही.

शेवटी २०११ साली टपाल खात्याने यू. पी. सी. ची पद्धतच बंद केली. ज्या रजिस्टर पोस्टाकडे आपण विश्वासाचे साधन म्हणून बघायचो, तेही २०२५ पासून वेगळे राहिले नाही. ते १९८६ साली सुरू झालेल्या स्पीड पोस्टात विलीन झाले. शिक्का गेला, पण शिक्क्याची वृत्ती गेली का, हा खरा सवाल आहे. 'पाठवल्याचा कागद दाखवला की जबाबदारी संपली' ही ती वृत्ती. आमच्या दप्तरातले बिल म्हणजे त्याच वृत्तीचा नवा अवतार होता.

गोवंडीचा गाळा

गेली काही वर्षे आपला अहवाल आणि नोटीस मुंबईत छापून तिथूनच टपालात पडतात. पाकिटे भरणे, पत्ते चिकटवणे, पोस्टात नेणे हे काम ठेक्याने दिले जाते. अशा ठेकेदारांना मुंबईत 'मेलिंगवाले' म्हणतात. यंदा काम देण्याआधी ते कसे चालते ते डोळ्यांनी पाहावे, असे ठरले. नरिमन पॉइंटच्या साखर भवनात कारखान्याचे दुसरे काम होतेच. ते आटोपून आम्ही सी. एस. एम. टी. ला हार्बरची लोकल धरली. आपल्याच भागातल्या एका सभासदाचे धाकटे बंधू गोवंडीला एका मेलिंगच्या गाळ्यात मुकादम आहेत, त्यांनी बोलावले होते.

हार्बर लाइनवर चेंबूरच्या पुढचे, मानखुर्दच्या अलीकडचे हे स्टेशन. मुंबईच्या माणसाला गोवंडी म्हटले की देवनारचा कचऱ्याचा डोंगर आठवतो. शहराचा कचरा इथे १९२७ पासून पडत आला आहे. १९७१ पासून कत्तलखानाही देवनारलाच आहे. मुंबईने जे जे आपल्या अंगणाबाहेर ठेवले ते या बाजूला आले. त्यामुळे इथे भंगार आणि रद्दीचा धंदा मोठा. काच वेगळी, पत्रा वेगळा, कागद वेगळा, प्रत्येकाचा भाव वेगळा. हे सांगायचे कारण पुढे येईल.

गाळा साधा. लांब टेबले, ट्यूबलाइट, कोपऱ्यात प्रिंटर आणि एक मोठा वजनकाटा. काटा बघून आम्हाला घरी आल्यासारखे वाटले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. एक कागदाची घडी घालते, दुसरी पाकिटात सरकवते, तिसरी तोंड चिकटवते, चौथी लेबल लावते. शेकड्यावर मजुरी. हात इतके चालतात की आपल्या तोडणीवाल्या बाईचा कोयता आठवावा. एक मोळी पडायच्या आत दुसरी.

मुकादमांनी पाणी दिले, चहा सांगितला आणि आल्या आल्या विचारले, "अण्णा, गेल्या साली तुम्ही कुणाला काम दिलं हे मी विचारत नाही. फक्त एवढं सांगा, त्यांच्याकडनं पोस्टाची पावती घेतली होती का?"

"बिल आहे," आम्ही म्हणालो.

"बिल त्यांचं. पावती पोस्टाची. मी पावतीचं विचारतोय."

आम्ही गप्प बसलो. बिल आणि पावती यांत फरक आहे हे ऊस घालणाऱ्या माणसाला सांगायला नको. गाडीवानाने 'चार टन भरला' म्हणणे वेगळे आणि काट्याची चिठ्ठी वेगळी. आम्ही वर्षानुवर्षे गाडीवानाच्या शब्दावर पैसे देत आलो होतो.

काट्यावरचा हिशेब

मुकादमांनी मग धंद्यातली लबाडी उलगडून सांगितली. ती समजायला फार अक्कल लागत नाही, फक्त कोणी विचारावे लागते.

समजा, वीस हजार सभासद आहेत. नोटिशीचे पाकीट वीस ग्रॅमचे आणि टपालखर्च एका पाकिटाला पाच रुपये धरू. म्हणजे टपालाचेच एक लाख रुपये झाले. ही रक्कम मेलिंगवाला आगाऊ घेतो, कारण पोस्ट उधार देत नाही. आता त्याने सतरा हजार पाकिटे टपालात टाकली आणि तीन हजार टाकलीच नाहीत. पंधरा हजार रुपये सुटले. उरलेली साठ किलो पाकिटे रद्दीत. गोवंडीत रद्दीवाला शोधायला लांब जावे लागत नाही. आणि ही चोरी कोणाला कळणार? ज्याला पाकीट मिळाले तो म्हणतो, मला मिळाले. ज्याला नाही मिळाले तो पोस्टमनला शिव्या घालतो. पोस्टमन बिचारा, त्याच्या पिशवीत ते पाकीट कधी आलेच नव्हते.

"मग पकडायचं कसं?" आम्ही विचारले.

त्यांनी कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट केले. "तुम्ही साखरेची माणसं, तुम्हीच सांगा की."

उत्तर खरोखर काट्यावरच आहे. शंभर पाकिटे आधी नीट मोजून वजन करायची. वीस ग्रॅमच्या हिशेबाने ती दोन किलो भरतात. मग सगळा माल काट्यावर चढवायचा. वीस हजारांचे चारशे किलो भरले पाहिजे. काटा तीनशे चाळीस दाखवत असेल तर तीन हजार पाकिटे कमी आहेत. एकेक मोजत बसायची गरज नाही. हे वजन गाळ्यातून माल निघताना आपला माणूस उभा राहून करतो, आणि पोस्टात माल दिल्यावर जी पावती मिळते तिच्यावरच्या नगांशी ताडून पाहतो. पाकिटावर तिकिटाऐवजी फ्रँकिंग मशीनचा ठसा असेल तर मशीनच्या आकड्यावरूनही कळते, आधी किती होता, नंतर किती झाला. नग, वजन आणि रक्कम, तिन्ही जुळले तर माल गेला.

आम्ही परत आल्यावर गेल्या वर्षीच्या ठेकेदाराकडे पोस्टाची पावती मागितली. पत्र लिहिले, फोन केला. 'शोधून देतो' असे उत्तर आले, पावती आली नाही. आम्ही त्याच्यावर आरोप करीत नाही, कारण शंका म्हणजे पुरावा नव्हे. पण ज्याच्याकडे पावती मागितली नव्हती, त्याला आज दोष देण्याचा अधिकारही आमच्याकडे फारसा उरलेला नाही. काट्यावर उभे न राहणाऱ्या शेतकऱ्याने वजनाची तक्रार घरी बसून करावी, तसे ते होईल.

खुणेचे पत्ते

गाळ्यात आणखी एक युक्ती शिकलो. पाठवणारा आपल्या यादीत दहा-पंधरा 'खुणेचे पत्ते' घालून ठेवतो. वेगवेगळ्या तालुक्यांतली आपली खात्रीची माणसे घ्यायची आणि त्यांच्या नावात मुद्दाम एखादे अक्षर बदलायचे. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर 'रा' ऐवजी 'ध' करायचे, म्हणा. मेलिंगवाल्याला हे ठाऊक नसते. त्या माणसांनी पाकीट कोणत्या तारखेला मिळाले ते कळवायचे. सगळ्यांना मिळाले तर साधारण माल गेला. तिघांना नाही मिळाले तर चौकशी.

याचा दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे. उद्या त्याच चुकीच्या आद्याक्षराने ठिबकवाल्याची, ट्रॅक्टरच्या कर्जाची, नाहीतर भलत्याच गुंतवणुकीची जाहिरात त्या माणसाच्या घरी आली, तर समजावे की आपली यादी कोणीतरी विकली. यादी हा आजच्या काळातला मोठा माल आहे. कोणाकडे किती ऊस, कोणाचे बिल कधी जमा होणार, कोणाचा मोबाइल कोणता, हे ज्याच्या हाती पडेल तो सभासदाच्या दारात बरोबर बिलाच्या दिवशी उभा राहील. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तो यासाठीच. पण कायदा असो नसो, सभासदाने विश्वासाने दिलेला पत्ता बाहेर जाऊ न देणे हे कारखान्याचे कर्तव्य आहे. मेलिंगवाल्याला नाव आणि पत्ता एवढेच लागते. शेअरची रक्कम, उसाचे क्षेत्र, बँकेचे खाते हे रकाने त्याच्याकडे जाण्याचे काही कारण नाही. आतापर्यंत यादी कशी जायची? आहे तशी, सगळ्या रकान्यांसह. हेही आम्हाला गोवंडीलाच कळले.

पिन कोड आणि 'मु. पो.'

पाकिटे गाळ्यातून पिन कोडप्रमाणे गठ्ठे बांधून निघतात, म्हणून पिनचेही थोडे सांगतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती ज्यांच्या डोक्यातून निघाली ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे मोठे पंडित आणि कवी, दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते. देशात भाषा अनेक, लिप्या अनेक, एकाच नावाची गावे अनेक. आकडा मात्र सगळ्यांना वाचता येतो. सहा आकड्यांत पहिला विभाग दाखवतो, आपला ४. दुसरा त्यातला उपविभाग, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालय. देवनारचा ४०००८८ आणि आपल्या गावचा पिन यांत म्हणूनच पहिला आकडा सारखा.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. खेड्यांच्या बाबतीत एका पिनखाली अनेक गावे असतात. पिन पाकिटाला पोस्टापर्यंत आणतो. तिथून पुढे गाव, वस्ती आणि नाव लागते. आपल्याकडे मुक्काम एक आणि पोस्ट दुसरे अशी कितीतरी गावे आहेत. जुन्या माणसांनी 'मु.' आणि 'पो.' वेगळे लिहायची शिस्त पाळली होती. आपल्या संगणकाच्या यादीत त्या दोहोंचा एकच रकाना झाला आणि एक नाव गाळले गेले. वर एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचेही नाव तेच असलेले तीन तीन पाटील. मळ्यात राहणाऱ्यांच्या पत्त्यात मळ्याचे नावच नाही. मुकादम यादी बघून म्हणाले, "अण्णा, ही यादी घेऊन राजा हरिश्चंद्राला काम दिलंत तरी पाकिटं पोचायची नाहीत."

दोन पोती

आता आमच्या घरची गोष्ट, आणि ती सांगायला आम्हाला लाज वाटते.

न पोचलेले पाकीट, मागे पाठवणाऱ्याचा पत्ता छापलेला असेल तर, पोस्ट परत करते. पत्ता नसेल तर ते टपाल खात्याच्या परतपत्र कार्यालयात जाते. आपल्या पाकिटावर कारखान्याचा पत्ता छापलेला असतो. मग परत आलेली पाकिटे कुठे आहेत? हा प्रश्न मुकादमांचाच. "परत आलेला गठ्ठा बघितल्याशिवाय मेलिंगवाल्यालाही दोष देऊ नका आन् पोस्टालाही," असे त्यांनी बजावले होते.

परत येऊन आम्ही आवक-जावक विभागात चौकशी केली. शिपायाने कोठीचे दार उघडले. आत साखरेची दोन रिकामी पोती तोंड बांधून उभी होती. रिकामी नव्हती, पाकिटांनी भरलेली होती. वर्षानुवर्षे पोस्टमन आणून देत होता, शिपाई पोत्यात टाकत होता. फोडून बघायला कोणी सांगितले नव्हते, म्हणून कोणी बघितले नव्हते.

दोन दिवस शेतकी खात्याच्या दोन पोरांना बरोबर घेऊन आम्ही ती पाकिटे वेगळी केली. पोस्टमनच्या हस्ताक्षरातला शेरा प्रत्येकावर होता. 'पत्ता अपुरा.' 'गाव सोडून गेले.' 'या नावाची व्यक्ती आढळत नाही.' आणि सगळ्यात उंच ढीग झाला तो 'मयत' या शेऱ्याचा. काही माणसे आमच्या माहितीतली. ज्यांच्या बैलगाडीतून पहिल्या हंगामाचा ऊस आला होता, त्यांच्या नावाने आपण नोटिसा पाठवत होतो आणि पोस्टमन दरवर्षी तेच उत्तर लिहून पाठवत होता. एकाच नावाची पाच वर्षांची पाच पाकिटे निघाली, पाचांवर 'मयत'. पाचव्यावर पोस्टमनने त्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्या घरी वारस आहेत, ऊस आहे, ऊस आपल्याकडेच येतो. फक्त वारसनोंद झालेली नाही. म्हणजे त्या घराला सभेत मत नाही, नोटीस नाही आणि आपल्या यादीत मेलेला माणूस जिवंत आहे. सभेत मागून उठलेले ते वयस्कर सभासद? त्यांची पाकिटेही पोत्यात सापडली. 'पत्ता अपुरा.' ते दहा वर्षांपूर्वी गावातून मळ्यावर राहायला गेले. मळ्याचे नाव आमच्या यादीत नव्हते, गट ऑफिसच्या चिटबॉयला मात्र तोंडपाठ होते. त्याच मळ्यातून दरवर्षी त्यांची तोडणी होते. तोडणीची चिठ्ठी बरोबर पोचते आणि सभेची नोटीस पोचत नाही, याचा अर्थ आपण सुज्ञ सभासदांनी लावावा.

लबाडी शोधायला आम्ही गोवंडीला गेलो होतो. थोडीफार तिकडे असेलही. पण निम्म्याहून मोठी गफलत आपल्याच कोठीत पोत्यात बांधून ठेवलेली निघाली.

आता पाकिटाऐवजी मोबाइल

काही सभासद म्हणतील, पाकिटांचे दिवस गेले, आता मोबाइलवर संदेश पाठवा. पाठवतोच. उसाचे वजन, बिल जमा झाल्याची खबर, सभेची आठवण मोबाइलवर येते. पण तिथेही मेलिंगवाले आहेत, फक्त गाळा दिसत नाही. आणि तिथेही 'पाठवले' आणि 'पोचले' हे दोन वेगळे आकडे असतात. बिल पाठवल्याचे होते. बंद पडलेले नंबर, बदललेले नंबर, मयतांचे नंबर, सगळ्यांचे पैसे लागतात. म्हणून पोचल्याचा अहवाल नंबरवार मागायचा आणि दहा-वीस नंबर स्वतः फोन करून पडताळायचे.

मराठी संदेशाची एक गंमत बहुतेकांना माहीत नाही. इंग्रजी अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'का' म्हणजे दोन. संदेश लांबला की त्याचे तुकडे होतात आणि जोडणीला जागा लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. म्हणजे १४० अक्षरांच्या संदेशाचे तीन भाग, तीन संदेशांचे पैसे. हे मेलिंगवाल्याने आधी सांगितले तर प्रामाणिक, बिलात दाखवले तर हुशार. म्हणून काय इंग्रजीत पाठवायचे? मुळीच नाही. मराठीतच, पण मोजके लिहायचे.

सरकारनेही यात लगाम घातला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार घाऊक संदेश पाठवणाऱ्याला आपले नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. मार्च २०२१ मध्ये ही चाळणी एकदम लावली, तेव्हा बँकांचे संदेशसुद्धा अडकले आणि ती काही दिवस थांबवावी लागली. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी. कारखान्याच्या नावाने साध्या दहा आकडी नंबरवरून 'बिल अडकले आहे, ही लिंक दाबा' असा संदेश आला तर दाबू नका. गट ऑफिसला विचारा. नको असलेल्या जाहिरातींची तक्रार १९०९ या क्रमांकावर करता येते.

ठरले ते असे

या सगळ्याचा अहवाल आम्ही कार्यालयापुढे ठेवला. यंदापासून पुढील गोष्टी करायचे मान्य झाले आहे. त्या होतात की नाही याकडे सभासदांनीच लक्ष ठेवावे.

पहिली, नोटिशीचा माल आपल्या माणसासमोर वजन होईल आणि पोस्टाची पावती हाती आल्याशिवाय मेलिंगवाल्याचे बिल निघणार नाही. दुसरी, यादी नाव-पत्त्यापुरतीच बाहेर जाईल आणि तिच्यात खुणेचे पत्ते असतील. ते कोणाचे, हे अर्थातच इथे छापणार नाही. तिसरी, परत आलेले प्रत्येक पाकीट नोंदवहीत चढेल आणि गटवार चिटबॉयकडे जाईल. तो घर शोधून नोटीस देईल आणि नवा पत्ता घेऊन येईल. चौथी, सभेच्या दिवशी किती नोटिसा टपालात पडल्या आणि किती परत आल्या, हे दोन्ही आकडे व्यासपीठावरून वाचून दाखवले जातील. नुसता पहिला नाही.

आता सभासदांकडून आमचे मागणे. आपला पत्ता 'मु.' आणि 'पो.' वेगळे लिहून, मळ्या-वस्तीच्या नावासह, पिन आणि मोबाइल नंबरासह गट ऑफिसला द्या. सभासद क्रमांक घालायला विसरू नका. घरातले कर्ते माणूस गेले असेल तर दुःख आवरले की वारसनोंदीचा अर्ज करा, तो हक्क तुमचा आहे. आणि शेजारच्याला नोटीस आली, आपल्याला नाही, असे झाले तर सभेपर्यंत थांबू नका. लगेच सांगा.

आपली कारखानदारी उभी राहिली तेव्हा ना पिन कोड होता ना मोबाइल. १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, तेव्हा शेअरसाठी गावोगाव पायपीट करूनच निरोप पोचवावा लागला. त्या निरोपाला शिक्का नव्हता. तो पोचला की नाही हे समोरच्या माणसाच्या तोंडावर दिसत होते. आज सभासद हजारोंनी वाढले, प्रत्येकाच्या दारात जाणे होत नाही, मेलिंगवाला लागतोच. पण काम ठेक्याने देता येते, जबाबदारी देता येत नाही.

त्या वयस्कर सभासदांच्या मळ्यावर आम्ही मागच्या आठवड्यात जाऊन आलो. पोत्यातली त्यांची पाकिटे त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकेक उलटून बघितले, शेरे वाचून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे धाडली हुती खरी." मग चहा आला. जाताना त्यांनी पत्ता सांगितला, आम्ही लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला. यंदाची नोटीस त्यांना मिळाली की नाही, हे ते सभेत सांगतीलच.